प्रगणक म्हणून पाहिलेले लालबाग

महापालिकेच्या शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकाला निवडणुकीचे आणि जनगणनेचे काम कधी ना कधी येतेच, आणि १९४८ च्या जनगणना अधिनियमाखाली निघालेला नेमणुकीचा आदेश नाकारता येत नसल्यामुळे त्यावर वाद घालण्यातही अर्थ नसतो. माझ्या वाट्याला प्रगणकाचे, म्हणजे घरोघरी जाऊन नोंदी करण्याचे, काम २००१ आणि २०११ अशा दोन्ही जनगणनांत आले, आणि दोन्ही वेळा लालबाग-काळाचौकीच्याच पट्ट्यात आले. दुसऱ्या वेळचा माझा प्रगणन गट, म्हणजे मला नेमून दिलेला भाग, पहिल्या वेळच्या गटाशी जवळजवळ निम्मा जुळणारा होता. माझे वडील याच भागातल्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि माझे बालपण चाळीत गेले, त्यामुळे दारे ठोठावताना मी कोणाला अगदीच परकी वाटत नव्हते. गिरणगावातले श्रीमंत कसे वाढले आणि कामगार कसे हटले, याविषयी आता पुष्कळ बोलले जाते. मी तो बदल एका छापील अर्जाच्या रकान्यांतून पाहिला, आणि त्या अर्जात उत्पन्न विचारणारा रकाना मुळी नव्हताच.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. घरोघरी मिळालेली माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन प्रगणकावर असते, आणि ते काम संपल्यावरही मी पाळते. म्हणून इथे एखादे कुटुंब ओळखू येईल असे काही लिहिलेले नाही. जे अनेक घरांत दिसले तेवढेच सांगते आहे.

कामाची सुरुवात नजरी नकाशाने होते. प्रशिक्षणात आपल्या गटाची हद्द समजावून सांगतात, आणि मग प्रत्यक्ष फिरून गल्ल्या, इमारती आणि त्यांतली घरे कागदावर काढायची असतात. पक्क्या इमारतीसाठी चौकोन, कच्च्या बांधकामासाठी त्रिकोण, आणि ज्यात कोणी राहत नाही अशी दुकाने-कारखाने तिरप्या रेघांनी भरायचे, असा नियम. माझ्या पहिल्या नकाशात चाळींचे चौकोन एकमेकांना खेटून होते आणि एका कडेला बंद गिरणीचा रेघांनी भरलेला मोठा तुकडा होता. त्रिकोण शोधूनही सापडत नव्हते. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादीसाठी, म्हणजे माणसे मोजण्याआधी होणाऱ्या घरांच्या नोंदणीसाठी, पुन्हा नकाशा काढला, तेव्हा दोन चाळींच्या जागी निळ्या पत्र्यांचे कुंपण होते, गिरणीच्या आवारात बांधकाम चालू होते, आणि त्याच आवारात पत्र्याच्या खोपटांचे त्रिकोणच त्रिकोण काढावे लागले. तिथे बिहार, बंगाल आणि ओडिशातून आलेले बांधकाम मजूर राहत होते. मुंबईतली सर्वांत महाग जमीन म्हणून जिची चर्चा होत होती, तिच्यावरची सर्वांत कच्ची घरे माझ्या नकाशावर त्याच वर्षी आली.

जनगणनेत घरापेक्षा कुटुंबाची व्याख्या अवघड असते. जे एकत्र राहतात आणि एकाच चुलीवरचे जेवतात ते एक कुटुंब. रक्ताचे नाते असण्याची गरज नाही. गिरणगावात ही व्याख्या रोज परीक्षा पाहते. २००१ मध्येही काही चाळींत गावकऱ्यांच्या खोल्या शिल्लक होत्या. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या एकाच गावचे पुरुष अशा खोलीत राहत, पूर्वी पाळीपाळीने झोपत, आणि ट्रंका भिंतीला लावून ठेवत. ते एकत्र स्वयंपाक करत असतील तर खोलीत एक कुटुंब. पण प्रत्येकजण खानावळीत जेवत असेल तर नियमाप्रमाणे त्या दहा बाय बाराच्या खोलीत जितकी माणसे तितकी कुटुंबे. खानावळ चालवणाऱ्या बायकांचे या भागाच्या अर्थकारणात किती मोठे स्थान होते, हे प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांनाच संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले यावरून समजावे. माझ्या दुसऱ्या फेरीपर्यंत त्या खोल्यांतली बहुतेक माणसे निवृत्त होऊन गावी परतली होती, आणि खोली गावाच्या मंडळाच्या नावावर असली तरी तिच्यात शिकायला किंवा नोकरीला आलेली दोन-चार मुले राहत होती.

पुरुषांच्या या वस्तीची खूण आकड्यांतही आहे. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ७७७ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात १,१३६. एकाच कुटुंबाचे हे दोन तुकडे दोन जिल्ह्यांच्या तक्त्यांत वेगवेगळे पडलेले होते. २०११ मध्ये मुंबई शहरातला आकडा ८३२ वर आला आणि रत्नागिरीचा १,१२२ वर. हे वाचून कोणी स्त्रियांची स्थिती सुधारली असा अर्थ काढला तर तो घाईचा ठरेल. एकट्या पुरुषांना गिरणीत काम देऊन पोसणारी व्यवस्था संपली, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

कामाविषयीच्या प्रश्नांपाशी पहिल्या वेळी मला सर्वांत जास्त थांबावे लागले. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही असे इथले लोक आजही सांगतात. एकोणीस वर्षांनी मी ‘गेल्या वर्षभरात काम केले का’ असे विचारत होते, आणि पन्नाशी-साठीतले गृहस्थ उत्तर देत होते, ‘गिरणी बंद आहे.’ अर्जाला त्या उत्तराचा उपयोग नव्हता. काम केले नसेल तर काम शोधत आहात का, हा पुढचा प्रश्न, आणि त्यावर बरेचजण नुसते हसत. वयाचा हिशेबही संपावरून होई; जन्मतारीख आठवत नसलेली आई मुलाविषयी ‘संपाच्या आदल्या साली झाला’ असे सांगे, आणि मला वर्ष मिळे.

घर कोणाच्या मिळकतीवर चालते याचे उत्तर मात्र स्वयंपाकघराच्या बाजूने येत होते. बायका काय करतात असे विचारले की पुरुष ‘काही नाही, घरीच असते’ म्हणून मोकळे होत, आणि प्रशिक्षणात आम्हाला याच उत्तरावर न थांबण्याची ताकीद दिलेली होती. मग एकेक विचारत गेले की निघे: मसाल्याच्या दुकानासाठी मिरच्यांची देठे खुडणे, चिवडा-फरसाणाची पाकिटे भरणे, साड्यांचे फॉल-बिडिंग, पाळणाघर, डबे. संपानंतर या भागात कुटुंबे जगली ती याच कामांवर, आणि ती कामे तिथे बसलेल्या नवऱ्याच्या देखत रकान्यात लिहिताना मला दरवेळी सांभाळून बोलावे लागे. २०११ मध्ये यात आणखी एक काम मोठ्या प्रमाणात वाढलेले दिसले, ते म्हणजे समोरच्या टॉवरमधली धुणीभांडी आणि स्वयंपाक. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या व्यवसायापुढे ‘सिक्युरिटी’, ‘ड्रायव्हर’, ‘हाउसकीपिंग’ असे लिहायची वेळ येत होती. घरी मोटार आहे का हा प्रश्न आदल्या वर्षीच्या घरयादीच्या अर्जात होता. तिथे ‘नाही’ आणि इथे व्यवसायात ‘मोटारचालक’, अशी नोंद मी कितीतरी घरांत केली.

उत्पन्न विचारता येत नसले तरी घरयादीच्या अर्जात त्याचा माग लागतो. भिंत-छत कशाचे, खोल्या किती, स्वतंत्र स्वयंपाकघर आहे का, पाणी कुठून येते, टीव्ही, फोन, दुचाकी, मोटार. २०१० मध्ये त्यात संगणक आणि इंटरनेटची भर पडली होती. चाळीत जवळजवळ सगळ्यांकडे टीव्ही आणि मोबाइल होता, त्यामुळे त्या रकान्यांवरून फरक कळणे थांबले होते. फरक कळत होता तो खोल्या आणि विवाहित जोडपी या दोन आकड्यांच्या जोडीतून. खोली म्हणून मोजायची तर तिची लांबी किमान दोन मीटर, रुंदी दीड मीटर आणि उंची दोन मीटर हवी. चाळीतला पोटमाळा या मापात बसत नाही. एक खोली, तीन जोडपी, असे लिहून मी पुढच्या दारी जात असे, आणि त्यातले एक जोडपे ज्या पोटमाळ्यावर झोपते ती जागा जनगणनेच्या लेखी अस्तित्वातच नसे. चाळीतल्या जिव्हाळ्याविषयी हळवे लिहिणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत असे मला फार वाटते.

घरयादीचे काम मे महिन्यात आल्यामुळे एक वेगळीच अडचण झाली. मे म्हणजे चाकरमान्यांनी गावी जायचा महिना, आणि चाळीतल्या कितीतरी दारांना कुलपे. बंद घर आणि रिकामे घर या दोन वेगळ्या नोंदी आहेत. कुटुंब तात्पुरते बाहेर गेले असेल तर ते बंद. कोणी राहतच नसेल तर ते रिकामे. चाळीत हा निवाडा करणे सोपे होते, कारण शेजारीण त्या कुटुंबातली माणसे, त्यांचे गाव आणि परतीची गाडी एका दमात सांगत असे. नव्या इमारतीत शेजारी विचारण्यात अर्थ नव्हता, कारण समोरच्या दारामागे कोण राहते हे त्यांनाही ठाऊक नसे. तिथे मी वीजमीटरच्या खोलीत सुरक्षारक्षकाला घेऊन जायला शिकले. त्याला कोणत्या मजल्यावर दूध जाते, कुठे मोलकरीण येते, कोणता फ्लॅट खरेदी झाल्यापासून उघडलाच नाही, हे सगळे माहीत असे. गुंतवणूक म्हणून घेऊन बंद ठेवलेली ती घरे मी ‘रिकामे’ या नोंदीखाली लिहिली. पुढे २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत मुंबईतल्या रिकाम्या घरांचा आकडा सुमारे ४.८ लाख असा छापून आला, तेव्हा त्यातली काही माझ्या हस्ताक्षरातली होती.

टॉवरमध्ये प्रवेश मिळवणे हे एक स्वतंत्र काम होते. ओळखपत्र दाखवूनही फाटकाशी बसवून ठेवत, इंटरकॉमवर ‘नंतर या’ असे उत्तर येई, आणि दाराशी गेल्यावर अर्ध्या उघड्या फटीतून प्रश्न विचारावे लागत. शेवटी सोसायटीच्या सचिवांना गाठून सूचनाफलकावर वेळ लावून घेतली आणि तळमजल्यावरच्या कार्यालयात बसून बरेचसे अर्ज भरले. मात्र एकदा बसले की ती कुटुंबे अर्ज नेमकेपणाने भरून देत, जन्मतारखा कागदावर लिहून आणत. त्या बाबतीत चाळीपेक्षा तिथले काम सोपे झाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. एका गोष्टीत मात्र हमखास चूक होई. ‘आम्ही चौघे’ असे सांगणाऱ्या घरात पाचवी व्यक्ती पाण्याचा ग्लास घेऊन येत असे. चोवीस तास त्याच घरात राहून त्याच चुलीवरचे जेवणारी कामवाली मुलगी नियमाने त्या कुटुंबाची सदस्य ठरते, आणि तिचे नाव, वय, जन्मगाव विचारू लागले की ते बहुधा घरच्यांना माहीत नसे, तिलाच सांगावे लागे.

स्थलांतराच्या रकान्यांनी मला या भागाचा बदल सर्वांत स्पष्ट दाखवला. २००१ मध्ये जन्मस्थानाच्या जागी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर ही नावे लिहून हात दुखत, आणि स्थलांतराचे कारण पुरुषांच्या बाबतीत नोकरी, स्त्रियांच्या बाबतीत विवाह. सगळा भाग मराठीच होता असे नाही. वरळी-लोअर परळकडे तेलुगू पद्मशाली विणकरांची, तर मदनपुऱ्याकडे उत्तर प्रदेशातून आलेल्या मुस्लिम विणकरांची मोठी वस्ती गिरण्यांमुळेच झाली होती. २०११ मध्ये टॉवरमधल्या कुटुंबांचे आधीचे ठिकाण बहुतेक वेळा मुंबईतलेच निघाले: काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव. दक्षिण मुंबईतल्या जुन्या, लहान जागांतून व्यापारी कुटुंबे मोठ्या घरासाठी उत्तरेकडे सरकत होती, आणि त्यांच्याबरोबर कर्ज काढून घर घेतलेली बँकेतली, संगणक कंपन्यांतली तरुण जोडपीही होती. मातृभाषेच्या रकान्यात गुजराती, मारवाडी, हिंदी वाढली. मुलांच्या संख्येतही फरक होता. चाळीतल्या म्हाताऱ्या बाईला झालेली मुले सहा आणि हयात चार असत, तिच्या सुनेला दोन, आणि टॉवरमध्ये बहुतेक एकच.

परंतु जे निघून गेले त्यांच्यासाठी अर्जात जागा नव्हती, कारण माणूस जिथे सापडतो तिथेच मोजला जातो. त्यांची माहिती मला मिळे ती अर्ज भरून झाल्यावर, चहाच्या वेळी. गिरणीची थकलेली देणी मिळाली तेव्हा मुलीचे लग्न केले आणि उरलेल्या पैशांत नालासोपाऱ्याला किंवा बदलापूरला जागा घेतली, मोठा मुलगा तिकडे राहतो, आम्ही दोघे म्हातारे इथे. ही हकीकत तपशिलाच्या फरकाने कितीतरी दारांत ऐकली. काही जण पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली, खोली विकून गेले होते. ज्यांची चाळ पुनर्विकासाला गेली होती ते बिल्डरच्या भाड्यावर उपनगरांत राहत होते. मी हातात अर्ज घेऊन दिसले की जुने कामगार थांबवून विचारत, ‘बाई, हा गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म का?’ म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या त्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. मी फिरत होते तेव्हा लोक अर्ज आणि जुने पुरावे गोळा करण्यात गुंतले होते.

हे सारे आपोआप घडले नव्हते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये त्यात बदल करून ही वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच मर्यादित केली गेली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. शेडखालची जमीन वाटणीतून सुटल्यामुळे सार्वजनिक घरांसाठी मिळणारी जागा किती आक्रसली, हे माझ्या नकाशातल्या त्या रेघा मारलेल्या तुकड्यावर नंतर काय उभे राहिले ते पाहिले की कळते. चाळीतला भाडेकरू मात्र टिकून होता तो भाडेनियंत्रणामुळे. महिन्याचे भाडे एका वेळच्या भाजीइतके, त्यामुळे मिळकत नसतानाही त्याला शहराच्या मध्यभागी राहता आले. त्याच कायद्यामुळे मालकाने डागडुजी सोडून दिली आणि जिने लाकडी टेकूंवर आले, हेही तितकेच खरे. पुनर्विकासात अशा कुटुंबाला मालकीचे घर मिळते, आणि त्याबरोबर लिफ्ट, पंप, रखवालदार यांचा देखभाल खर्च येतो. जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असलेले हे मासिक बिल निवृत्त माणसाला भरता येत नाही, आणि मग तो घर भाड्याने देऊन वसई-विरारकडे जातो. कागदावर त्याची संपत्ती लाखांनी वाढलेली असते. हातात महिन्याला येणारा पैसा तेवढाच असतो.

९ फेब्रुवारीला सुरू झालेली २०११ ची गणना २८ तारखेच्या रात्री बेघरांच्या मोजणीने संपली. आम्ही पर्यवेक्षकांबरोबर पुलांखाली आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेल्यांची नोंद केली, मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसरी फेरी मारून जन्म-मृत्यूंची दुरुस्ती केली, गोषवारा जुळवला आणि अर्ज घडी न पडू देता परत दिले. घडी पडलेला अर्ज यंत्रात वाचला जात नाही, यावर आमच्या प्रशिक्षणातला बराच वेळ गेला होता.

आकडे प्रसिद्ध झाल्यावर मी आधी आपलेच विभाग शोधले. परळ-लालबाग-शिवडीचा एफ दक्षिण विभाग २००१ मध्ये ३,९६,१२२ लोकांचा होता, तो २०११ मध्ये ३,६०,९७२ वर आला. वरळी-लोअर परळचा जी दक्षिण ४,५७,९३१ वरून ३,७७,७४९ वर घसरला, म्हणजे दहा वर्षांत साडेसतरा टक्के माणसे कमी. संपूर्ण मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ झाला. याच दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. ज्या दशकात आमच्याकडे इमारतींची उंची सर्वांत वेगाने वाढली, त्याच दशकात माणसे घटली, हे मी प्रत्येक जिना चढून पाहिलेले असल्यामुळे मला नवल वाटले नाही. पण शिक्षकांच्या खोलीत हे आकडे वाचून दाखवले तेव्हा अर्ध्या लोकांनी छपाईची चूक असेल असे म्हटले. आमच्या शाळेच्या मराठी माध्यमाचा पट त्याआधीच उतरणीला लागला होता, तरीही.

२०२१ ची जनगणना लांबली. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली असून नोंदी मोबाइलवर होणार आहेत, आणि कुटुंबांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही मिळणार आहे. टॉवरमधली कुटुंबे ती सोय वापरतील आणि घरी राहणारी कामवाली मुलगी पुन्हा यादीतून गळेल, अशी मला शंका आहे. मी निवृत्त झाले आहे. माझ्या जुन्या शाळेतली एक तरुण शिक्षिका काम कसे करायचे ते विचारायला आली, तेव्हा मी तिला सांगितले की नव्या इमारतीत वरच्या मजल्यापासून सुरुवात करू नकोस. आधी फाटकावरची केबिन, पंपाची खोली आणि पार्किंगमागची जागा पाहा, आणि रात्रपाळीचे रक्षक कुठे झोपतात ते विचार. मग त्यांचे जेवण एकत्र शिजते की प्रत्येकाचा डबा वेगळा येतो, हेही विचारून घे, कारण त्या जागेत एक कुटुंब लिहायचे की पाच, हे त्यावरच ठरते.